आत उघडणारं दार

कारखान्यातून निघताना काकांनी तो कागद गुंडाळून काखेत धरला आणि कुणाला काही न सांगता ते बाहेर पडले. कारखाना आणि ऑफिस यांच्यात एका गल्लीचं अंतर. तेवढ्यात त्यांनी तीनदा ठरवलं की आज आपण आधी तोंड उघडायचं नाही. काकांचं असं होतं, की गप्प राहायचं ठरवलं की ते हमखास बोलून बसत आणि बोलायचं ठरवून गेले की घशाला कोरड पडे.

ऑफिस म्हणजे घराचाच खालचा मजला. मधोमध मोठं टेबल, भिंतीवर प्लायचे नि कापडाचे नमुने, खिडकीपाशी बाबांची उंच खुर्ची. घरं आतून सजवून द्यायचा धंदा या खुर्चीतून पस्तीस वर्षं चालला होता. बाबा तिच्यात ताठ बसले होते. दादा टेबलाशी उभा होता. त्याच्यासमोर त्याची धाकटी बहीण, जिला चौतिसावं लागलं तरी घरात सगळे बारकीच म्हणत. तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिचे हात रिकामे होते, आणि आईचे हात रिकामे असणं ही काही चांगली खूण नव्हे.

"बसा काका," दादा म्हणाला. "घड्याळजींचं कळलं ना?"

कळलं होतं. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करण्यात सगळी हयात घालवलेला म्हातारा. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली तेव्हा त्यांच्या बायकोने या कुटुंबाला गाठलं होतं. यांना चाकाच्या खुर्चीतून सगळीकडे जाता येईल असं घर करून द्या, म्हणाल्या होत्या. दहा आठवड्यांपूर्वी घर करून दिलं. काल सकाळी घड्याळजी बाथरूममध्ये पडले, ते नेमके दाराला टेकून. दार आत उघडणारं. बायको बाहेरून ढकलत राहिली आणि ती जितकं ढकलेल तितकं दार त्यांच्याच अंगावर येत राहिलं. शेजाऱ्यांनी दाराचा पल्ला फोडेपर्यंत दीड तास गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. उद्या ऑपरेशन.

"दुपारी चारला त्यांचा पुतण्या येतोय," दादा म्हणाला. "त्याला ड्रॉइंग बघायचंय. दार कुणी आत उघडायला लावलं, हे विचारणार तो. आपलं उत्तर एक असलं पाहिजे."

"एकच आहे की," काका म्हणाले. गप्प राहण्याचा निश्चय तिथेच संपला. "कागदावर आत होतं, मी आत लावलं."

"काका, शांतपणे ऐका. बारकी नवीन कागद काढेल. दार बाहेर उघडणारं. बाबा त्याच्यावर सही करतील. आपण म्हणायचं, ड्रॉइंग बरोबर होतं, लावताना गडबड झाली. सुताराकडून उलटं बसलं. असं होतं, लोकांना पटतं. तुम्ही तसेही वर्ष-दोन वर्षांत कारखान्यातून अंग काढून घेणारच आहात. ऑफिसचं नाव मात्र जायला नको. उद्या कोण काम देईल आपल्याला?"

काकांनी आपल्या या पुतण्याकडे पाहिलं. याला त्यांनी खांद्यावर बसवून कारखाना दाखवला होता, रंध्याच्या सालपटांचे मुकुट करून दिले होते. तो आता त्यांच्या डोक्यावर खापर फोडत होता, तेही किती अदबीनं. वाईट वाटलंच. पण त्याहून वाईट पुढे होतं.

"अण्णा, तू काय म्हणतोस?" त्यांनी विचारलं. ते थोरल्या भावाला अण्णा म्हणत.

बाबा खुर्चीत आणखी ताठ झाले. मग म्हणाले, "मी बघितलेल्या कागदावर दार बाहेर उघडत होतं."

काकांना आधी नीट कळलंच नाही. आपला भाऊ रागीट आहे, हट्टी आहे, नाकावर माशी बसू देत नाही, हे सगळं त्यांना मान्य होतं. पण तो खोटं बोलताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी एका साइटवर त्यांनी आपल्या अकलेनं कपाटाचा एक खण चार इंच वर घेतला होता. तेव्हा याच भावाने सगळ्या सुतारांसमोर त्यांना ऐकवलं होतं, "तुझं काम कागद लाकडात उतरवायचं. डोकं लावायला मी आहे." त्या दिवसापासून काका कागदाबाहेर एक खिळा ठोकत नव्हते. घड्याळजींच्या दाराची बिजागरी बसवताना हात थांबला होता त्यांचा. चांगला मिनिटभर थांबला होता. मग कोपऱ्यातली लाल सही पाहिली आणि म्हणाले, आपल्याला काय, डोकं लावायला तो आहे.

त्यांनी काखेतला कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"ही तुझी सही. लाल पेन्सिलीतली. हा तुझा कागद. दार कुठे उघडतंय ते बघ आणि मग मला खोटा ठरव."

बाबा खुर्चीतून उठले आणि टेबलाशी येऊन वाकले. वाकताना त्यांनी मान थोडी डावीकडे वळवली, जणू कागदाकडे नाही, शेजारी कुणी उभं आहे त्याच्याकडे बघताहेत. काकांनी हे आधीही पाहिलं होतं. भाऊ म्हातारा झाला, मान धरते, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

"बघतोय," बाबा म्हणाले.

"बोट ठेव."

"काय?"

"दारावर बोट ठेव, अण्णा. बास. माझं काही म्हणणं नाही."

&nbsp;

आईला वाटलं, उठावं आणि कागद ओढून घ्यावा. पण उठवेना. घड्याळजींचा कागद निघाला त्या महिन्यातल्या आठ दिवसांच्या तापातून ती अजून पुरती सावरली नव्हती, आणि तो तापच तर सगळ्याच्या मुळाशी होता.

नवऱ्याचं बोट कागदावर उतरलं. ते थोडा वेळ फिरलं. मग एका जागी ठाम टेकलं, कारण ठामपणा हीच त्या माणसाची सगळी कमाई होती.

बोट कपाटावर होतं. दाराच्या पाव गोलाची रेघ तिथून चांगली वीतभर लांब होती.

दादा म्हणाला, "बाबा..."

"त्यांना दिसत नाही," आई म्हणाली. तिला वाटलं होतं, हे वाक्य म्हणताना आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. ते दोन वर्षं तोंडात धरून धरून गुळगुळीत झालं होतं.

"गप्प बस," बाबा म्हणाले.

"दोन वर्षं गप्पच आहे की हो. डोळ्याचा पडदा गेलाय. दोन्ही. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, आजूबाजूचं दिसतं. म्हणून चालता येतं, जिना चढता येतो, आवाजावरून माणूस ओळखू येतो. कागद दिसत नाही."

"आणि सह्या?" दादाचा आवाज चढला. "दोन वर्षं सह्या कोण करत होतं?"

"सही तेच करायचे. कुठे करायची ते मी दाखवायची. बारकी कागद ठेवून जेवायला वर जायची, तेव्हा मी खाली यायची. आधी मी बघायची. मग त्यांना सांगायची, अमक्या ठिकाणी अमकं चुकलंय. ते लाल पेन्सिल घेऊन तिथे फुली मारायचे."

"तू?" दादा म्हणाला. एकाच शब्दात त्याने आईची आजवरची सगळी किंमत सांगून टाकली. आईने ते मनाला लावून घेतलं नाही. लावून घ्यायचं ठरवलं असतं तर या घरात एक दिवस निघाला नसता.

"हो, मी. पस्तीस वर्षं या टेबलावर चहा आणून ठेवते. कागद उलटा की सुलटा एवढं तरी कळणारच ना मला? दार कपाटावर आपटतंय, ओटा छातीपर्यंत येतोय, खिडकीपुढे उंच टेबल आलंय. नेहमी एकच चूक असायची. दर कागदात एक. ढळढळीत. मला वाटायचं, आपल्या पोरीचं काही खरं नाही. एवढी शिकली, आणि दर वेळी काहीतरी पोरकट चुकतेच. पण शोधली की जीव भांड्यात पडायचा. वाटायचं, वाचवलं तिला."

ती बारकीकडे बघायचं टाळत होती. आता तिने पाहिलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

"आणि मग मला ताप आला," आई म्हणाली. "मी यांना सांगितलं होतं, मी उठेपर्यंत कागद तसेच राहू देत. यांनी ऐकलं नाही. म्हणाले, साधं बाथरूम आहे, त्यात काय असणार आहे."

&nbsp;

बाबांना समोर राखाडी धुकट भोक दिसत होतं, दोन वर्षं जे दिसत होतं तेच. त्याच्या कडेला टेबलाची धार, काकांचा खडबडीत पंजा, बारकीच्या कोपराचा थोडासा भाग. चेहरे सगळे भोकात गेलेले. आज पहिल्यांदा त्यांना त्याचं बरं वाटलं.

एवढं झाल्यावर निदान आता कुणी आणखी काही बोलू नये, असं त्यांना वाटत होतं. ते कोपर हललं.

"त्या चुका मी टाकायचे," बारकी म्हणाली.

"म्हणजे?" दादाने विचारलं.

"मुद्दाम. दर कागदात एक. बाबांसाठी." ती बाबांकडे वळली असावी, आवाज जवळ आला. "तुम्हाला आठवत नसेल. पहिल्या वर्षी मी एका लहान मुलीची खोली काढली होती. खिडकीत बसायची जागा, खाली पुस्तकं, भिंतीच्या कोपऱ्यात तिच्या उंचीचा छोटा कोनाडा. मला फार आवडली होती. तुम्ही तासाभरात सगळी लाल केलीत. एक रेघ ठेवली नाहीत. मग पुढच्या कामात माझ्या हातून खरंच एक चूक झाली. ड्रॉवर दाराच्या मुठीवर आपटत होता. तुम्हाला ती सापडली आणि तुम्ही खूष झालात. तेवढी एक फुली मारलीत आणि बाकी कागद जसाच्या तसा परत आला. तेव्हापासून मी दर वेळी तुमच्यासाठी एक ठेवत आले. म्हणजे तुम्ही तिच्यावर जाल आणि बाकीच्याला हात लावणार नाही."

"नऊ वर्षं?" बाबांनी विचारलं.

"नऊ वर्षं."

मांजरापुढे दुधाची वाटी सरकवावी, तसं आपल्यापुढे काहीतरी सरकवलं जात होतं, आणि आपण मिशा पुसत उठत होतो. बाबांना संताप यायला हवा होता. त्यांनी तो शोधला. नेहमीच्या जागी नव्हता.

"मग काढायची होतीस ना!" दादा जवळजवळ ओरडला. "कागद फुलीशिवाय परत आला. तुझी तू चूक टाकली होतीस, तुझ्या डोळ्यांसमोर होती. एक रेघ फिरवायची होती फक्त. का नाही फिरवलीस?"

टेबलावर कागद सरकला.

"कारण बाबांनी सही केली होती," बारकी म्हणाली. "मी कागद पाहिला. दार आत होतं. मला माहीत होतं ते चुकीचं आहे, मीच तर चुकीचं काढलं होतं. आणि खाली सही. मग मला वाटलं, बाबांना काहीतरी दिसलं असणार जे मला दिसत नाही. बाहेरचा पॅसेज अरुंद आहे, दार बाहेर आलं तर खुर्ची वळणार नाही, असा काहीतरी त्यांनी विचार केला असणार. मी संध्याकाळपर्यंत कारणं शोधत बसले. सापडलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत मला ते बरोबर वाटायला लागलं होतं."

काकांचा पंजा टेबलावरून उचलला गेला. "माझंही तेच," ते खालच्या आवाजात म्हणाले.

वर स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बाबांना वाटलं, माणसाला आयुष्यभर हेच हवं असतं, की आपला शब्द कुणी खाली पडू देऊ नये. आणि आता तो शब्द एका म्हाताऱ्याच्या अंगावर दीड तास पडून होता.

"एक विचारू?" बारकी म्हणाली. "डोळे चांगले होते तेव्हा. चूक सापडल्यावर तुम्ही पुढचा कागद बघायचात का? बाकीचं. जे मी मनापासून काढलेलं असायचं ते."

खोटं बोलणं सोपं होतं. आज एकदा बोलून झालंही होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "चूक सापडली की मी थांबायचो. वाटायचं, बाकीचं बरं असणार."

"बरं होतं का?"

"मला नाही माहीत."

कोपर भोकात गेलं, मग दिसेनासं झालं. कागद गुंडाळल्याचा आवाज आला.

"कुठे निघालीस?" दादाने विचारलं. "चारला पुतण्या येतोय. नवीन कागद?"

"घड्याळजींच्या घरी. नवीन कागद मी काढणार नाही, दादा. काकांनी दार बरोबर लावलंय. काका, गाडीत हत्यारं आहेत?"

"आहेत."

"बारके," बाबा म्हणाले. त्यांना सांगायचं होतं बरंच, आणि तोंडातून आलं ते एवढंच, "माझ्या डोळ्यांचं सांगू नकोस तिथे."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "त्याचा काही संबंध नाही."

ती हे त्यांच्यावर दया म्हणून म्हणाली की त्यांना वगळायचं म्हणून, ते बाबांना चेहरा दिसला असता तर कळलं असतं.

&nbsp;

घड्याळजींच्या बायकोने गणित शिकवण्यात तीस वर्षं काढली होती, आणि अजून त्या समोरच्या माणसाकडे फळ्यापाशी उभं केल्यासारखं बघत. त्या हॉस्पिटलमधून तासाभरापूर्वीच आल्या होत्या. बारकीने गाडीत एक भाषण तयार केलं होतं. दार उघडल्यावर त्यातला एक शब्द आठवला नाही.

"कागद आणलाय?" बाईंनी विचारलं.

बारकीने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. बाईंनी चष्मा लावला आणि कागद वाचला. खरोखर वाचला, डाव्या कोपऱ्यापासून उजव्यापर्यंत. तिचा कागद असा आजवर कुणी वाचला नव्हता, हे बारकीच्या लक्षात आलं.

"ही रेघ म्हणजे दार?"

"हो."

"आत."

"हो."

"कुणी काढली?"

"मी."

"चुकून?"

काका मागे हत्यारांची पेटी धरून उभे होते.

"नाही," बारकी म्हणाली. "मुद्दाम चुकीची काढली होती, नंतर कुणीतरी दुरुस्त करेल म्हणून. कुणी केली नाही. मग मीही केली नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मला हे कळलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आज कळून घ्यायची माझ्यात ताकद नाही. मी तुमच्या भावाला विचारलं होतं. चावी द्यायला आले होते तेव्हा. दार आत का, म्हटलं. ते म्हणाले, बाबांनी बघितलंय. मी म्हटलं, मग असेल काही." त्यांनी चष्मा मिटून ठेवला. "मी विचारलं होतं, आणि मी ऐकून घेतलं. दीड तास मी हेच म्हणत होते बाहेर उभी राहून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बारकीला सोपं गेलं असतं.

"आता काय करणार ते सांगा," बाई म्हणाल्या.

बाथरूमची चौकट उघडी होती. फुटलेला पल्ला भिंतीला टेकवून ठेवलेला. बारकीने टेप काढून पॅसेज मोजला, चौकट मोजली, मग बाहेरची भिंत मोजली.

"सरकतं दार," ती म्हणाली. "बाहेरच्या भिंतीवरून सरकणारं, वर पट्टी. आत काही येणार नाही, बाहेरही काही येणार नाही. एका बोटानं सरकेल. आत कुणी पडलं तरी बाहेरून उघडता येईल."

"अण्णाला सरकती दारं आवडत नाहीत," काका सवयीनं म्हणाले.

"माहीत आहे."

"नक्की करायचं?"

आजवर या प्रश्नाला तिचं एकच उत्तर असे, विचारून सांगते. ते आताही तोंडापर्यंत आलं. तिने ते गिळलं.

"नक्की," ती म्हणाली.

काकांनी पेटी खाली ठेवली. बाई मात्र समाधानी दिसत नव्हत्या. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि चाकाची खुर्ची ढकलत घेऊन आल्या. तिच्या पाठीवर घड्याळजींचा स्वेटर अजून लटकत होता.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"माझे हे बसत होते. तुम्ही काढलंत त्यांच्यासाठी. कधी बसलात?"

बारकी बसली.

"उजवा हात मांडीवर. उजवा पाय तसाच. दोन्ही नाहीत असं समजायचं. जा आत."

डाव्या हाताने एकच चाक फिरवलं की खुर्ची तिरकी जाते, हे तिला पहिल्यांदा कळलं. डाव्या पायाने जमिनीला रेटा देत ती कशीबशी आत गेली. हे बाथरूम तिला आवडलेलं होतं. फरशीची फिकट हिरवी रेघ कमोडच्या मागून निघून बेसिनखालून खिडकीपर्यंत जात होती, आणि धरायची स्टीलची दांडी बरोबर त्या रेघेवर बसवली होती. कुठेही ती लावलेली वाटत नव्हती, भिंतीतूनच आल्यासारखी दिसत होती. कागद पूर्ण झाला त्या दिवशी ती एकटीच बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली होती. बाबांसाठी तिने दार ठेवलं होतं ते ही रेघ त्यांच्या लाल पेन्सिलीतून वाचावी म्हणून.

"आता खुर्चीतून उठून कमोडवर बसायचंय तुम्हाला," बाई दारातून म्हणाल्या. "करा."

बारकीने खुर्ची कमोडशी आणली आणि उठायला डावा हात पुढे केला. डाव्या हाताला धरायला काही नव्हतं. दांडी उजवीकडे होती.

ती दांडी धरायची तर अंग पूर्ण पिळून, डावा हात छातीवरून पलीकडे न्यावा लागत होता, आणि तसं केलं की सगळा भार मेलेल्या पायावर येत होता. तिने करून पाहिलं. खुर्ची मागे सरकली. काकांनी धरलं नसतं तर ती पडली असती, आणि पडली असती ती दाराकडे.

काकांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "बारके, दाराचं बोलून झालंय. तेवढं पुरे आहे."

खरंच पुरलं असतं. हे कुणालाच दिसलेलं नव्हतं. बाबांना नाही, आईला नाही, कागद वाचणाऱ्या बाईंनाही नाही. आणि ही चूक तिने कुणासाठी ठेवलेली नव्हती. ही तिची होती, मनापासून काढलेली, आवडलेली.

"ते पडले ते दारामुळे नाही पडले," बारकी म्हणाली. "दारामुळे अडकले. पडले या दांडीमुळे. ती डावीकडे हवी होती. मी ती उजवीकडे काढली, कारण तिथे चांगली दिसत होती."

बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी त्या दांडीकडे पाहिलं.

"ते म्हणायचे मला," त्या म्हणाल्या. "रोज म्हणायचे, वळावं लागतं गं. मी म्हणायचे, होईल सवय. शहाण्या माणसांनी केलंय."

बारकीला खुर्चीतून उठावंसं वाटलं. या घरातून, या कामातून, या नऊ वर्षांतून उठून निघून जावंसं वाटलं. उजवा हात तिने मांडीवर तसाच ठेवला.

"आणखी?" बाईंनी विचारलं.

तिने डावा हात बेसिनच्या नळाकडे नेला. चार बोटं कमी पडला. आरशात फक्त तिचं कपाळ दिसत होतं. टॉवेलची खुंटी उजवीकडे होती.

"आणखी आहे," ती म्हणाली.

काकांनी खिशातून वही काढली. बाई आत आल्या, आंघोळीसाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"सगळं सांगा," त्या म्हणाल्या. "एकही ठेवू नका. मला माझे हे घरी परत हवेत."